वहीतली कोरी पानं

"शुगर निघाली, म्हणजे आता आवडीचं सगळं बंदच ना?" हा प्रश्न माझ्याकडे येणारे बरेच जण विचारतात, ह्या बाईंनीही खुर्चीत बसल्या बसल्या तोच विचारला. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.) पन्नाशीच्या, एचबीए1सी (सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) 8.1, म्हणजे वाढलेलं आलेलं, गोळ्या चालू झालेल्या. पहिले तीन आठवडे गोडाला हातसुद्धा लावला नाही, आणि मग एका रात्री सगळे झोपल्यावर लाइट न लावता फ्रीजसमोर उभ्याउभ्याच केक खाल्ला, खाली कण सांडू नयेत म्हणून हनुवटीखाली हात धरून. कसा लागला विचारलं तर म्हणाल्या, "आठवतच नाही हो मॅडम, कोणी उठतंय का तेच ऐकत होते." दुसऱ्या दिवशी प्रायश्चित्त म्हणून दुपारी जेवल्या नाहीत, आणि रात्री परत फ्रीज.

मला ह्यात केकपेक्षा त्या चोरून खाण्याची जास्त काळजी वाटली. शिवाय इन्शुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या चालू असतील तर असं जेवण टाळणं धोक्याचं असतं, शुगर 70 च्या खाली जाऊ शकते, हे मी प्रत्येकाला सांगतेच.

त्यांनी आकड्यांची वही आणली होती. चांगला आकडा निळ्या पेनाने, वाढलेला लाल, आणि मधेमधे चक्क कोरी पानं. "त्या दिवशी मी चुकले होते, मग तपासलंच नाही."

खरं तर त्याच दिवसांचा आकडा डॉक्टरांच्या सगळ्यात कामाचा. आकडा म्हणजे परीक्षेचे मार्क नव्हेत. खाण्याने शुगर वाढतेच, पण झोप झाली नाही, ताप आला, टेन्शन आलं तरी वाढते, कारण तेव्हा शरीरातले हार्मोन लिव्हरला जास्तीची साखर रक्तात सोडायला लावतात. आणि एचबीए1सी हा साधारण 2-3 महिन्यांचा हिशोब असतो, एका रात्रीच्या केकने तो फारसा हलत नाही. हे ऐकून त्या रडल्या, आणि मी त्यांना रडू दिलं.

काय आणि किती खायचं हे डाएटिशियननेच ठरवलं, तो माझा प्रांत नाही. गोड आठवड्यातून दोनदा, छोटा तुकडा, तोही जेवणातच, आणि त्या वेळी भात वगैरे तेवढा कमी. माझी अट एकच होती, बशीत घेऊन, लाइट लावून, सगळ्यांसमोर बसून खायचं. जेवणानंतर पंधरा मिनिटं चालायचं, त्याने स्नायू रक्तातली साखर वापरतात.

घरच्यांचं मात्र अवघड गेलं. चारचौघांत "हे चालतं का तुला?" विचारणाऱ्या मिस्टरांना एका सेशनला बोलावलं. बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "मला भीती वाटते, हिला काही झालं तर." हे त्यांनी बाईंना घरी कधी बोलून दाखवलंच नव्हतं, त्यांच्यापर्यंत फक्त टोकणं पोचत होतं.

तिसऱ्या महिन्यात त्यांनी वही माझ्यासमोर उघडून ठेवली. जेवणानंतर दोन तासांनी 212, निळ्याच पेनाने. शेजारी लिहिलं होतं, "वाढदिवस, दोन तुकडे, चालायला गेले नाही." आणि दुसऱ्या दिवशीचं पानही भरलेलं होतं, सकाळचा आकडा, नाश्ता, दुपारचं जेवण, सगळं.