ऑफिसच्या सॉफ्टबॉल टीमला हो म्हणू का?

तुम्ही विचारलंय की मार्चमध्ये अमेरिकेत जॉइन होताय, नव्या ऑफिसातून आत्ताच मेल आलाय की उन्हाळ्यातल्या सॉफ्टबॉल लीगसाठी नाव देणार का, आणि जन्मात क्रिकेटशिवाय काही खेळलेलो नाही तर तिथे हसं होईल का, वेळ किती जाईल. माझं मत, बिनधास्त हो म्हणा, फक्त आधी दोन-तीन गोष्टी विचारून घ्या. मी इथे आल्यापासून माझे उन्हाळे याच मैदानांवर गेलेत त्यामुळे जरा पाल्हाळ लागेल, सांभाळून घ्या.

पहिला प्रश्न, स्लो-पिच की फास्ट-पिच. फास्ट-पिचमध्ये पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, हात गरागरा फिरवून बॉल असा सोडतो की नवख्याला दिसायच्या आत तो मागे विकेटकीपरसारखा बसलेल्या कॅचरकडे पोचलेला असतो, तिथे जाऊ नका. ऑफिसच्या आणि पार्क डिपार्टमेंटच्या लीग बहुतेक स्लो-पिच असतात. बॉल खालच्या हाताने उंच टाकायचा, बहुतेक ठिकाणी निदान 6 फूट तरी वर जाऊन खाली आला पाहिजे, जास्तीत जास्त किती ते लीगप्रमाणे 10 किंवा 12 फूट. ऐकायला सोपं वाटतं, पण बॉल वरून इतका सावकाश येतो की माणूस अधीर होऊन आधीच बॅट फिरवतो आणि सोपा कॅच देऊन परत येतो. थांबायला शिकलात की अर्धी बॅटिंग आली. आणि शिकागोत जाणार असाल तर आणखी एक विचारा, 12 इंची बॉल की 16 इंची. हा खेळ 1887 मध्ये तिथेच एका क्लबात, छपराखाली, बॉक्सिंगचा ग्लोव्ह काठीने मारण्यातून सुरू झाला, आणि तिथे अजूनही 16 इंच घेराचा मोठा बॉल उघड्या हातांनी खेळतात. बोटांची वाट लागते असं खेळणारेच सांगतात.

दुसरं, कोणतं डिव्हिजन, म्हणजे टीमच्या ताकदीप्रमाणे पाडलेला गट. सगळ्यात खालचं असेल तर उत्तम. वरच्या डिव्हिजनमध्ये लोक कॉलेजात बेसबॉल खेळलेले असतात आणि तिथला सीझन म्हणजे दर आठवड्याला धुलाई.

आता क्रिकेट. कॅच घ्यायची आणि लांबून थ्रो करायची सवय कामाला येते, टीमला त्याचा आनंदच होतो. बाकीचं विसरावं लागतं. बॉल दोन फाउल लाइनच्या, म्हणजे बॅटरपासून डावी-उजवीकडे जाणाऱ्या हद्दीच्या रेषांच्या, आत पडला की पळायचंच, आवडला नाही म्हणून उभं राहायची सोय नाही, आणि मागे कट मारला तर तो फाउल, म्हणजे हद्दीबाहेर, त्याचं कौतुक कुणालाच नाही. पळताना बॅट टाकायची, हातात घेऊन पळणारा क्रिकेटवाला लांबूनही ओळखू येतो. बेस म्हणजे पळताना ओळीने गाठायचे टप्पे. फर्स्ट बेसवरून पुढे पळत गेलात तरी चालतं पण सेकंड आणि थर्डवर थांबावंच लागतं, पाय सुटला आणि बॉलवाल्या हाताने शिवलं की आउट. सगळ्यात जास्त घोळ होतो तो उंच कॅचच्या वेळी. तुम्ही बेसवर आहात, बॉल हवेत आहे, आणि सवयीने तुम्ही पळत सुटता. कॅच झाला तर आपल्या बेसला परत येऊन पाय लावल्याशिवाय पुढे जाता येत नाही, तोवर बॉल तिथे आला की तुम्ही पण आउट, म्हणजे एका बॉलवर दोन. बेसजवळ आपलाच एक माणूस कोच म्हणून उभा असतो, तो ओरडेल तसं करा, स्वतःचं डोकं पहिल्या महिन्यात चालवू नका.

हसं होण्याचं म्हणाल तर खालच्या डिव्हिजनमध्ये चांगल्या खेळाडूपेक्षा येणाऱ्या माणसाची किंमत जास्त. मैदानात 10 जण लागतात, बऱ्याच लीगमध्ये 8 असले तरी खेळू देतात, त्याहून कमी म्हणजे मॅच समोरच्यांना. को-एड लीगमध्ये बायका आणि पुरुष दोघांची संख्या ठरलेली असते आणि कितीतरी ठिकाणी एक बाई कमी पडली की बॅटिंगमध्ये तिच्या जागी फुकटचा आउट धरतात, त्यामुळे तुमच्या मिसेसना यायचं असेल तर कॅप्टन तुमच्याआधी त्यांचं नाव लिहील. मागच्या जुलैत आमचे सातच जण आलेले, अंपायर घड्याळ बघतोय, समोरची टीम वॉर्मअप करून बसलीये, आणि आमचा कॅप्टन पार्किंगकडे डोळे लावून. शेवटच्या क्षणी अकाउंट्समधली एक जण मीटिंगमधून थेट धावत आली, खाली ऑफिसची पॅन्ट, वर टीमचा टीशर्ट उलटा घातलेला, बूट कुणाचे तरी उसने. तिला राइट फील्डला, म्हणजे मैदानाच्या उजव्या टोकाला, उभं केलं. तिच्याकडे अख्ख्या मॅचमध्ये एक बॉल गेला नाही, पण मॅच झाली, आणि त्या दिवसापासून ऑफिसात तिला सगळे मजले ओळखतात. नव्या माणसाची ओळख इथे अशीच होते, लंच टेबलवर वर्ष गेलं तरी होत नाही.

वेळेचं गणित साधं आहे. आठवड्यातून एक संध्याकाळ, 7 इनिंग (एक इनिंग म्हणजे दोन्ही टीमची एकेक बॅटिंग) किंवा साधारण तासाभराची मर्यादा, जे आधी होईल ते. नावं हिवाळा संपता संपताच घेतात. एप्रिलची प्रॅक्टिस मात्र छळ असते, थंडीत बॉल बॅटच्या टोकाला लागला की झिणझिण्या कोपरापर्यंत जातात, आणि कंपोझिट (कार्बन फायबर वगैरेची) बॅट तर थंडीत तडकतेसुद्धा म्हणून कुणी आपली महागडी बॅट बाहेर काढत नाही. मे-जूनमध्ये पावसाने मॅच रद्द होतात, मग त्या कधीतरी भलत्याच दिवशी लावतात, तेवढी कॅलेंडरमध्ये जागा ठेवा. जुलैत अर्धी टीम सुट्टीवर. ऑगस्टला प्लेऑफ, तेव्हा सगळे उगवतात, जूनमध्ये तोंड न दाखवलेलेही, आणि मग कोण खेळणार यावरून थोडी धुसफूस होते. त्यात पडू नका.

एक गंभीर गोष्ट. सुरुवातीला वेव्हर सही करायला लावतात, म्हणजे लागलं तर लीगवर सहसा काही नाही, तुम्ही आणि तुमचा इन्शुरन्स. ऑफिसचा हेल्थ इन्शुरन्स नक्की कोणत्या तारखेपासून चालू होतो ते एचआरला विचारा आणि त्याआधी प्रॅक्टिसलाही जाऊ नका. लागतं ते मोठं नसतं, बोटाच्या टोकावर बॉल आपटून बोट वाकडं होतं, घोटा मुरगळतो, आणि दिवसभर खुर्चीत बसून आलेला माणूस एकदम पळाला की मांडीमागचा स्नायू धरतो. अंगठी घरी काढून ठेवा, मॅचआधी दहा मिनिटं तरी पळा, आणि धातूच्या खिळ्यांचे बूट घेऊ नका, बहुतेक रिक्रिएशनल लीगमध्ये चालत नाहीत.

बॅट विकत घ्यायची गरज नाही, टीमच्या असतात, शिवाय बॅटवर लीगची मान्यता असलेला शिक्काच लागतो. ग्लोव्ह तेवढा स्वतःचा घ्या, सॉफ्टबॉलचा, साडेबारा-तेरा इंची, बेसबॉलच्या छोट्या ग्लोव्हमध्ये हा बॉल नीट बसत नाही. उजव्या हाताने थ्रो करत असाल तर ग्लोव्ह डाव्या हातात घालायचा असतो, दुकानात घालून बघा, मगच पैसे द्या.