तिनं काकाला सांगितलं, तुम्हाला नाही

ताई,
आम्ही दोघं भाऊ. मी ४८, तो ४२. कोल्हापुरात एकाच घरात वर-खाली राहतो. लहानपणापासून शाहू स्टेडियमवर शेजारी बसून मॅच बघितल्या. २०२४ च्या लोकसभेला बिनसलं. तो एका पक्षाचा, मी दुसऱ्या. विधानसभेनंतर तर जेवणाच्या ताटावर वाद व्हायला लागले. मग युक्रेन आणि गाझा. मी म्हणालो, २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला केल्यावर चार दिवसांत रशियाला फुटबॉलमधून बाहेर काढलं, मग इस्रायलला वेगळा न्याय का? तो म्हणाला, ७ ऑक्टोबरचा हमासचा हल्ला विसरलास. गाझात मारल्या गेलेल्या सुलेमान अल-ओबेद या पॅलेस्टिनी खेळाडूबद्दल इजिप्तचा फुटबॉलपटू सालाहनं विचारलेला प्रश्न मी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, त्यावर त्यानं मला नको ते सुनावलं. शेवटी नेमार आणि रॉड्री या फुटबॉलपटूंच्या दुखापतींवर जुंपली. मी म्हणतो, मॅचेसचा मारा जबाबदार. तो म्हणतो, हल्लीची पोरं नाजूक. त्यात त्यानं कहर केला. सगळ्यांसमोर लिहिलं, "तुझ्या पोरीचा पाय जिना उतरताना सटकतोय. ते ती मला सांगते, तुला नाही." (धाकटी १५ वर्षांची, फुटबॉल खेळते. दीड महिन्यापूर्वी ग्राउंडवर गुडघा मुरगळला होता. तालमीतल्या जाणत्या माणसाकडून चोळून घेतला, सूज उतरली, आता बरी आहे. तिची ने-आण भाऊच करायचा, माझी दुकानाची वेळ असते.) विषय काय आणि हा बोलतो काय! मी त्याला ग्रुपमधून काढलं. वीस दिवस झाले, बोलणं बंद आहे. आई रडते. मुद्दा माझा बरोबर आहे हे तुम्हालाही पटेल. मग माफी कुणी मागायची?
— एक मोठा भाऊ, कोल्हापूर

दादा,

तुमची मुलगी जिना उतरताना कठडा धरते का? एका पायरीवर दोन्ही पाय टेकवून मग पुढची पायरी उतरते का? घरात जिना एकच आहे आणि तुम्ही तो रोज चढता-उतरता. तरी याचं उत्तर तुमच्याकडे नसावं, असं मला पत्र वाचून वाटलं. लोकसभा, युक्रेन, गाझा, रॉड्रीचा गुडघा हे सगळं तुम्ही ऐसपैस लिहिलंय. मुलीचा गुडघा तेवढा कंसात टाकलाय.

मी त्या कंसाबद्दलच बोलणार आहे. माफीचं नंतर बघू.

मी डॉक्टर नाही, आणि पत्रावरून निदान कुणीच करू नये. पण फुटबॉल खेळणाऱ्या १५ वर्षांच्या मुलीचा गुडघा ग्राउंडवर मुरगळतो, सुजतो, सूज उतरते, ती सरळ चालायला लागते आणि तरी जिना उतरताना तो सटकतो, हे ऐकल्यावर कुठलाही अस्थिरोगतज्ज्ञ पहिली शंका एसीएलची घेईल. गुडघ्याच्या आतला तो अस्थिबंध तुटला की काही आठवड्यांनी दुखणं ओसरतं आणि घरच्यांना वाटतं, बरं झालं. सरळ रस्त्यावर काही जाणवत नाही. जाणवतं ते वळताना, उतरताना, अचानक थांबताना. गुडघा असा प्रत्येक वेळी सटकतो तेव्हा आतली, दोन हाडांमधली गादी चिरडली जाण्याची भीती असते, आणि एकदा फाटलेली गादी पूर्ववत होईलच असं नाही. कदाचित वेगळंच काही निघेल, वाटी सरकलेली असेल, नुसते स्नायू कमजोर झाले असतील. निघू दे. पण ते तपासून कळतं, सूज उतरली म्हणून कळत नाही. आणि आत काय झालंय हे ठाऊक नसताना तो गुडघा चोळून घेणं आजपासून बंद करा. त्या जाणत्या माणसाच्या हाताला गुण असेल, पण तुटलेला अस्थिबंध चोळून जुळत नाही.

आता तुम्हाला चांगलं ठाऊक असलेल्या गोष्टींकडे येते. नेमारचा डावा गुडघा १७ ऑक्टोबर २०२३ ला माँटेव्हिडिओत उरुग्वेविरुद्ध गेला. दुसऱ्याच दिवशी तपासणीत कळलं, की एसीएल आणि गादी दोन्ही फाटल्यात. तो मैदानात परतायला वर्ष लागलं. रॉड्री २२ सप्टेंबर २०२४ ला आर्सेनलविरुद्ध जायबंदी झाला. त्याच्या काही दिवस आधीच तो म्हणाला होता, की मॅचेस अशाच वाढत राहिल्या तर खेळाडू संपावर जातील. महिनाभरानं बॅलन डी'ओर हा वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार घ्यायला तो कुबड्यांवर आला. हे सगळं भावापुढे मांडताना तुमच्या बाजूनं वजन होतं, यात मला शंका नाही. मॅचेसच्या माऱ्याबद्दल तुमचं म्हणणं मला पटतं. एसीएल नाजूकपणामुळे तुटत नाही. बहुतेक वेळा कुणाचा धक्काही लागलेला नसतो. धावता धावता दिशा बदलली, उडी मारून पाय वाकडा पडला, एवढंच पुरतं.

पण नेमारचा गुडघा दुसऱ्या दिवशी तपासला गेला आणि तुमच्या मुलीचा दीड महिन्यात नाही. मला राग याचा आलाय. ज्याला काही माहीत नाही अशा बापाचं मी समजू शकते. तुम्हाला माहीत होतं. एसीएल म्हणजे काय, तो कसा तुटतो, परत यायला किती महिने लागतात, हे घरात सगळ्यांत जास्त तुम्हालाच ठाऊक. हे ज्ञान माँटेव्हिडिओपर्यंत पोचलं आणि घरच्या जिन्यावर आलं नाही.

त्यात ती मुलगी आहे. त्याच वयाच्या, तोच खेळ खेळणाऱ्या मुलांच्या तुलनेत मुलींचा एसीएल तुटण्याचा धोका दुपटीहून जास्त असतो. आर्सेनलच्या महिला संघात २०२२-२३ च्या एकाच हंगामात चौघींचे गुडघे असे गेले. बेथ मीड, मिडेमा, लिया विल्यमसन आणि व्हिनरॉइथर. ऑस्ट्रेलियाच्या सॅम करचा गेला तो जानेवारी २०२४ मध्ये. तुमच्या वादात नावं आली ती सगळी पुरुषांची. घरात एक मुलगी फुटबॉल खेळत असताना या बायकांपैकी एकीचंही नाव तुम्हा दोघा भावांच्या तोंडी आलं नाही, हे मला खटकलं.

आता भावाच्या त्या ओळीकडे बघा. तुम्हाला ती अपमानाची वाटली. मी ती बातमी म्हणून वाचली. जो माणूस हल्लीच्या खेळाडूंना नाजूक म्हणतो, त्याला तिनं सांगितलं. जो खेळाडूंची बाजू घेतो, त्याला सांगितलं नाही. कारण सरळ आहे. तो ग्राउंडवर असतो. तिला स्कूटरवरून नेतो, तिची प्रॅक्टिस होईपर्यंत थांबतो, परत आणतो. त्या रस्त्यावर ती बोलली असेल. तुमच्यापर्यंत ते यायचं तर तिनं तुमच्या दोघांच्या भांडणात शिरायचं, बातम्यांचा आवाज कमी करायला सांगायचं आणि मग म्हणायचं, बाबा, माझा पाय सटकतोय. पंधराव्या वर्षी हे सोपं नसतं. शिवाय डॉक्टर म्हणतील खेळ बंद, ही भीती प्रत्येक खेळणाऱ्या मुलीला असतेच. मुलांपेक्षा जास्तच असते, कारण मुलीचा खेळ बंद करायला घरातल्यांना तेवढं निमित्त पुरतं. तिनं लपवलं यात मला नवल वाटत नाही.

भावालाही मी सोडत नाही. त्याला ठाऊक होतं. त्यानं तुम्हाला बाजूला घेऊन सांगायला हवं होतं. त्याऐवजी पोरीनं विश्वासानं सांगितलेली गोष्ट त्यानं घरच्या सगळ्यांसमोर तुम्हाला हरवायला वापरली. आणि तुम्ही काय केलंत? ते वाक्य वाचून मुलीला हाक मारली नाहीत. त्याला काढून टाकलंत. वीस दिवस बोलणं बंद आहे म्हणता, मग या वीस दिवसांत तिला ग्राउंडवर कोण नेतंय? चालत जाते, की जातच नाही? जिला एकच माणूस सांगायला होता, तिच्यापासून तुम्ही दोघांनी मिळून तोही काढून घेतला.

तुमच्या मतांवर मला निकाल द्यायचा नाही. मतं फालतू असतात असंही मी म्हणणार नाही. ज्या संस्थानात शाहू महाराजांनी १९०२ मध्ये नोकऱ्यांत ५० टक्के राखीव जागा ठेवल्या, तिथल्या माणसांनी राजकारणावर तावातावानं बोलायचं नाही तर कुणी? २०२२ आणि २०२३ मध्ये पक्ष फुटले तेव्हा महाराष्ट्रातल्या किती घरांत हेच झालं, किती भाऊ वेगवेगळ्या बाजूंना गेले. रशियाला एक न्याय आणि इस्रायलला दुसरा का, हा प्रश्न प्रामाणिक आहे. ७ ऑक्टोबरला मारल्या गेलेल्या माणसांची आठवण काढणं हेही प्रामाणिक आहे. दोघं एका खोलीत बसून दोन्ही बोलू शकला असतात.

सालाहच्या प्रश्नाशी मात्र मी थांबले. ऑगस्ट २०२५ मध्ये युएफानं, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेनं, सुलेमान अल-ओबेदला श्रद्धांजली वाहिली, पण तो कसा गेला याचा उल्लेख केला नाही. सालाहनं विचारलं, तो कसा गेला, कुठे आणि का, हे सांगाल का? तुम्हाला तो प्रश्न भिडला, मलाही भिडला. एका माणसाच्या मरणाची आणि एका गुडघ्याची बरोबरी मी करत नाही, कधीच करणार नाही. पण त्या प्रश्नात जे आहे, ते तुम्हाला कळतं हे मला दिसलं. एक माणूस, त्याचं नाव, त्याला नेमकं काय झालं. एवढं नेमकं विचारणं ज्याला महत्त्वाचं वाटतं, त्यानं घरात "काय झालं गं, कशी पडलीस?" हे विचारलं नसेल, तर ते जमत नाही म्हणून नव्हे. लक्ष दुसरीकडे होतं म्हणून.

आता एकच काम. या आठवड्यात दुकान अर्धा दिवस बंद ठेवा आणि मुलीला खेळाच्या दुखापती बघणाऱ्या अस्थिरोगतज्ज्ञाकडे घेऊन जा. कुणाबरोबर पाठवू नका, स्वतः जा. ते गुडघा थोडा वाकवून नडगी पुढे ओढून बघतील, बहुधा एमआरआय सांगतील. नुसत्या एक्स-रेवर समाधान मानू नका, त्यात हाड दिसतं, अस्थिबंध दिसत नाही. तोवर तिला ग्राउंडवर उतरवू नका, पण कायमचं बंद असा शब्दही काढू नका. शस्त्रक्रिया लागली, तर एक प्रश्न आवर्जून विचारा. तिची हाडं अजून वाढत असतील, तर वाढीच्या जागेला धक्का लागू नये म्हणून काय करणार? आणि डॉक्टरांच्या केबिनमध्ये तिला बोलू द्या. कसं झालं, आवाज आला का, किती वेळात सुजलं, कधी कधी सटकतो, हे तिच्या तोंडून येऊ द्या. तुम्ही नेमारचं नाव काढू नका.

तिला एक गोष्ट नक्की सांगा. स्पेनच्या आलेक्सिया पुतेयासचा एसीएल जुलै २०२२ मध्ये युरो स्पर्धेच्या तोंडावर गेला, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये ती स्पेनबरोबर विश्वचषक जिंकली. लिया विल्यमसनचा एप्रिल २०२३ मध्ये गेला, विश्वचषक हुकला, आणि जुलै २०२५ मध्ये इंग्लंडची कर्णधार म्हणून तिनं युरो उचलला. शस्त्रक्रियेनंतर किमान नऊ महिने थांबावं लागतं, आणि कोवळ्या वयात घाईनं परतलेल्या मुलींचा गुडघा पुन्हा जाण्याची भीती जास्त असते. म्हणजे तिच्या पुढच्या वर्षात रोजचे व्यायाम असतील, कंटाळा असेल, रडणं असेल. बाकीच्या मुली स्पर्धेत खेळत असताना ती व्यायामाच्या रबरी पट्ट्यात पाय अडकवून बसलेली असेल. त्या वर्षात घरात तिला ऐकणारं कुणीतरी लागेल, आणि एकट्यानं ते तुमच्याच्यानं होणार नाही. दुकान आहे. भाऊ लागेल.

म्हणून आज रात्री त्याला फोन करा. वर राहत असेल तर वर जा. माफीचा विषय काढू नका, त्यानं काढला तर पुढं ढकला. विचारा, ती पडली तेव्हा तू कुठं उभा होतास, तुला काय दिसलं, गाडीवर बसताना ती काय म्हणाली. तो सांगेल ते मध्ये न बोलता ऐका आणि कागदावर उतरवून घ्या. डॉक्टर पहिलं तेच विचारतील.