गरम झाल्यावर बंद पडणारी पद्मिनी: आधी करंट पाहावा, मग पेट्रोल

आपली १९७८ ची प्रीमियर पद्मिनी सकाळी पहिल्या सेल्फला सुरू होते, परंतु उन्हात काही वेळ चालल्यावर बंद पडते आणि थंड झाल्याखेरीज पुन्हा सुरू होत नाही. नवा कार्बोरेटर बसवूनही फरक पडला नाही, असे आपण लिहिले आहे. मी माझ्या पद्मिनीची देखभाल स्वतः करतो. त्या अनुभवावरून सांगतो की, आणखी एकही भाग बदलण्याआधी, गाडी बंद पडल्याबरोबर तिथेच, तिला करंट (प्लगच्या ठिणगीसाठी लागणारी वीज) मिळत नाही की पेट्रोल, याचा निकाल लावावा. इंजिन थंड झाले की हा दोष सापडत नाही.

आसपास पेट्रोल सांडलेले नाही ना, हे पाहून एका प्लगची वायर काढावी, तिला जादा प्लग जोडावा, त्याची धातूची बाजू इंजिनला नीट टेकवावी आणि दुसऱ्या कोणाला सेल्फ मारायला सांगावे. ठिणगी पिवळसर आणि अशक्त असेल, किंवा पडतच नसेल, तर डिस्ट्रिब्युटरचे, म्हणजे प्लगांना करंट वाटणाऱ्या भागाचे, झाकण उघडावे. आतल्या पॉइंटच्या (करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्काच्या) एका तोंडावर खड्डा आणि समोरच्या तोंडावर बारीक उंचवटा दिसला, तर माझा पहिला संशय कन्डेन्सरवर (पॉइंटमध्ये ठिणगी पडू न देणाऱ्या छोट्या भागावर) असेल, कारण थंड असताना तो ठीक चालतो, पण तापल्यावर आतले इन्सुलेशन दगा देते आणि कॉइलचा (ठिणगीसाठी जास्त दाबाची वीज तयार करणाऱ्या भागाचा) जोर प्लगपर्यंत न पोहोचता पॉइंटमध्येच ठिणगी होऊन संपतो. कन्डेन्सर आणि पॉइंट एकदमच बदलावेत व फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) पॉइंटमध्ये साधारण ०.४ ते ०.५ मिमी गॅप ठेवावा. तरीही ठिणगी अशक्तच राहिली, तर चांगली असल्याची खात्री असलेली दुसरी कॉइल लावून पाहावी.

ठिणगी निळी आणि कडक असेल, तर मात्र पेट्रोलकडे वळावे. या १०८९ सीसीच्या इंजिनात एसी पंप (टाकीतून पेट्रोल ओढणारा पंप) इंजिनालाच बसवलेला असतो, त्यामुळे इंजिनाच्या उष्णतेने पंपात आणि पाइपात पेट्रोलची वाफ होते व पंप ती ओढू शकत नाही. तापलेल्या इंजिनावर पेट्रोलचा पाइप सोडणे धोक्याचे आहे. त्यापेक्षा पंपावर ओले फडके टाकण्याचा जुना उपाय करावा, आणि थोड्याच वेळात गाडी सुरू झाली तर दोष बहुधा तिथेच आहे असे समजावे. टाकीचे झाकण उघडताना हवा आत ओढल्याचा आवाज आला, तर झाकणाचे हवेचे छिद्र बुजलेले असते आणि त्यामुळेही पेट्रोल पुढे येत नाही. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुने रबर ते सोसत नाही, म्हणून पंपाचा डायफ्राम (आतला लवचीक पडदा) आणि रबरी पाइप इथेनॉलला टिकणारेच घ्यावेत, आणि पाइप एक्झॉस्टपासून दूर वळवून बांधावा.