कोल्हापुरातून एका दिवसात देवदर्शन, गड आणि पठारावरची भटकंती तिन्ही जमेल का?

जमतं, फक्त क्रम चुकवू नका. सकाळी सातला निघून आधी जोतिबा. रविवार आणि चैत्र यात्रा टाळा, नाहीतर रांगेतच दुपार होते. तिथून पन्हाळा जवळच. अंबरखान्याची गंगा, यमुना, सरस्वती ही धान्यकोठारं, तीन दरवाजा आणि अंधारबाव नीट पाहायला अडीच तास हवेतच. वयस्कर मंडळींना तबक उद्यानात सावलीत बसता येईल.

तीननंतर मसाई पठार. पावसाळा सरताना तिथं रानफुलं येतात. सावली मात्र नाही. माणशी दोन लिटर पाणी घ्या. जुलै १६६० मध्ये शिवराय पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघाले, ती वाट याच पठारावरून जाते. धुकं उतरलं की पायवाट दिसेनाशी होते, तेव्हा कड्याकडे जाऊ नका आणि अंधाराआधी गाडीपाशी परता.