जिनिंगमध्ये पालकवर्ग सुरू करताना

ताई, जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, कामगार आई-बापांसाठी वर्ग घ्यायचा तर सगळ्यात आधी वेळेचं बघा. सुट्टी झाल्यावर वर्ग ठेवू नका. बायांना घरी जाऊन स्वयंपाक करायचा असतो, कुणाची शेवटची एसटी असते. मालकाकडून कामाच्या वेळेतलाच अर्धा तास मागा आणि त्याची मजुरी कापणार नाही हे कबूल करून घ्या. माझा पहिला वर्ग इथंच मोडला होता. कापसाचा हंगाम भरात असला की पंधरा दिवसांतून एकदा पुरे.

6 महिन्यांनंतर बाळाला वरचं अन्न कसं द्यायचं, हे अंगणवाडीताई छान सांगतात, त्यांनाच बोलवा. पण बायांच्या मनात वेगळंच असतं. रात्री मोबाइल न सोडणारा पोरगा, दारू पिऊन आलेल्या बापाला घाबरून कोपऱ्यात बसणारी लेक. त्यावर भाषण नको, त्यांना एकमेकींशी बोलू द्या. एखादी रडली तर थांबा, घाई करू नका. हमाल-ड्रायव्हर पुरुषांनाही बोलवा. सुरुवातीला दारातच उभे राहतील, राहू द्या.

आणि 50 किंवा जास्त कामगार असतील तिथं 2017 पासून कायद्यानं पाळणाघराची सोय लागते. तेही मालकाला जरूर विचारा.