निरीक्षण म्हणजे नेमकं काय? पाहणी, परीक्षण, अवलोकन यांहून ते वेगळं कसं?

तुम्ही विचारलंय, की ऑब्झर्व्हेशनला मराठीत निरीक्षण म्हणतात, तर मग पाहणी, परीक्षण, अवलोकन, पर्यवेक्षण हे शब्द कशासाठी? आणि दवाखान्यात पेशंटला ‘ऑब्झर्व्हेशनखाली ठेवलंय’ म्हणतात, त्याला मराठीत काय म्हणायचं?

मी पुण्यात हवामान खात्यात नोकरी केली. निरीक्षणं घेणं हेच काम होतं, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. शिवाजीनगरचं आमचं ऑफिस म्हणजे पुणेकरांचं सिमला ऑफिस. खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यात आलं, तेव्हापासूनचं हे नाव; पुढे मुख्यालय दिल्लीला गेलं तरी नाव राहिलं. सकाळी साडेआठला आवारातल्या पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीपाशी जायचं. तिचं दार उत्तरेकडे, म्हणजे उघडलं तरी ऊन आत पडत नाही. आत तापमापक. त्यातल्या एकाच्या फुग्यावर ओलं मलमलीचं कापड, त्याची वात खाली पाण्याच्या बाटलीत. डोळा पाऱ्याच्या पातळीला आणायचा आणि आधी दशांश वाचायचा, मग पूर्ण अंश. कारण आपल्या अंगाच्या उबेने आणि श्वासाने पारा तेवढ्यात हलतो, आणि आधी हलतो तो दशांश. वाचलं की लगेच वहीत उतरवायचं.

नोकरीच्या पहिल्याच पावसाळ्यात आकाश गच्च भरून आलेलं पाहून मी शेऱ्यात लिहिलं, ‘पाऊस येईल.’ आमच्या वरिष्ठांनी ते खोडायला लावलं. म्हणाले, “ढग किती आणि कुठले ते लिही. पाऊस आला की त्याचीही नोंद होईल.” आम्ही आकाशाचे आठ भाग कल्पून त्यातले किती झाकलेत ते लिहीत असू. आठांपैकी सात, हे निरीक्षण. ‘पाऊस येईल’ हा अंदाज. लोकांपर्यंत वेधशाळेचा अंदाजच पोचतो, पण तो ज्यावर उभा असतो ती शेकडो ठिकाणची अशी साधी निरीक्षणं असतात.

म्हणून माझ्या लेखी निरीक्षण म्हणजे ठरवून, ठरल्या रीतीने, लक्ष देऊन पाहणं आणि पाहिलं तेवढंच नोंदवणं. पर्जन्यमापकात काहीच नसेल तर शून्य लिहायचं. आत ओल आहे, पण ती मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकीही भरत नाही, तर त्याची वेगळी नोंद. आम्ही ‘ट्रेस’ म्हणायचो. आणि काही कारणाने निरीक्षण घ्यायचं राहूनच गेलं, तर तिथे शून्य मुळीच लिहायचं नाही. पाहिलं आणि काही नव्हतं, हे एक. पाहिलंच नाही, हे दुसरं. हा फरक ज्याला कळला त्याला निरीक्षण कळलं असं मी मानतो.

आता शब्दांकडे. यातले बरेचसे एकाच घरातले आहेत. संस्कृतात ईक्ष् म्हणजे पाहणं. त्याला निर्, परि, सम्, अप, उप, प्रति असे उपसर्ग लागून निरीक्षण, परीक्षा, समीक्षा, अपेक्षा, उपेक्षा, प्रतीक्षा झाले. कुणाच्या वाटेकडे डोळे लावले की प्रतीक्षा, समोर असून पाहिलं न पाहिल्यासारखं केलं की उपेक्षा. नाटकाचा प्रेक्षकही याच घरातला. (‘निरिक्षण’, ‘परिक्षा’ असं सर्रास लिहिलेलं दिसतं. ईक्ष् मधला ई दीर्घ आहे, म्हणून ‘री’ दीर्घच हवी.)

यातले दोन शब्द घरोघरी रुळून मऊ झालेत. निरीक्ष्‌ वरून आलं निरखणं आणि परीक्ष्‌ वरून पारखणं. मंडईत भरताचं वांगं घेताना माझी आजी ते आधी देठापासून गोल फिरवून बघायची, कुठे बारीकसं भोक आहे का. मग तळहातावर झेलून वजनाचा अदमास घ्यायची. आकाराच्या मानाने हलकं लागलं तरच पिशवीत, जड वांग्यात बिया जास्त असं तिचं म्हणणं. भोक शोधणं हे निरखणं, हलकं की जड यावरून घ्यायचं की ठेवायचं हे ठरवणं म्हणजे पारखणं. निरीक्षण आणि परीक्षण यांतला फरकही एवढाच आहे. परीक्षणात शेवटी निवाडा असतो, म्हणून नाटकाचं परीक्षण लिहितात.

बाकीचे भराभर सांगतो. पाहणी ही जागेवर जाऊन करायची, जशी गारपिटीनंतर पिकांची. सर्वेक्षण म्हणजे एखादा भाग किंवा विषय पद्धतशीर धुंडाळणं. अवलोकन कागदपत्रांचं, नाहीतर मागच्या वाटचालीचं. सिंह चालता चालता मान वळवून मागे बघतो, त्यावरून सिंहावलोकन. पर्यवेक्षणात अधिकार येतो: परीक्षेच्या हॉलमध्ये फिरतो तो पर्यवेक्षक. टेहळणी धोक्याच्या चाहुलीसाठी, ती किल्ल्याच्या बुरुजावरून. पाळत मात्र समोरच्याला न कळू देता. न्याहाळण्यात थोडी माया असते. आई झोपलेल्या बाळाला न्याहाळते, तिथे निरीक्षण म्हटलं तर कानाला खटकेल.

बातम्यांत ‘न्यायालयाने निरीक्षण नोंदवलं’ येतं, तो वेगळा अर्थ. सुनावणीत किंवा निकालात न्यायमूर्तींनी मांडलेलं ते मत असतं. तो आदेश समजू नका.

आणि निरीक्षणाला डोळाच लागतो असंही नाही. नारायणगावजवळ खोडद परिसरात ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे. ती आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपते, तरी त्याला आपण निरीक्षणच म्हणतो, आणि बरोबरच म्हणतो.

राहिला दवाखाना. ‘निरीक्षणाखाली’ चुकीचं नाही, पण मी ‘देखरेखीखाली ठेवलंय’ म्हणेन. तिथली सिस्टर तासातासाला नाडी, ताप, रक्तदाब तक्त्यात लिहिते ते निरीक्षण. पण आकडा बिघडला की ती धावत डॉक्टरांना बोलावते, आणि तेवढ्यासाठीच पेशंटला तिथे ठेवलेलं असतं. ते बोलावणं ‘देखरेख’ या शब्दात येतं.