वाचकांचे प्रश्न : ब्लू-ब्लॅक शाई, निवड आणि निगा

प्र. पायलट, पेलिकन आणि पार्कर क्विंक, तिन्ही बाटल्यांवर ‘ब्लू-ब्लॅक’ लिहिलंय. पण एकाच पेनात भरल्या तरी तिघींचं अक्षर वेगळं दिसतं, वाळायचा वेळही वेगळा. सोसायटीच्या सभांचं इतिवृत्त हाताने लिहितो. कोणती घेऊ? (एक वाचक, सोलापूर)

उ. लेबलवर रंग लिहिलेला असतो, शाईची जात नाही. तुमच्या तिघींपैकी पेलिकन ४००१ ही आयर्न गॉल शाई आहे. हिराकस (लोहाचा क्षार) आणि मायफळातलं टॅनिन (तुरट द्रव्य) यांची जुनी कृती, फक्त फाउंटन पेनाला झेपेल इतकी सौम्य केलेली. बाकी दोन्ही डायच्या, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या रंगांच्या.

आयर्न गॉलमधलं लोह बाटलीत विरघळलेलं राहावं म्हणून शाई आम्लधर्मी ठेवतात. त्या अवस्थेत तिला स्वतःचा रंग जवळजवळ नसतोच, म्हणून लिहिताना अक्षर दिसावं यासाठी निळा डाय घालतात. कागदावर हवा लागली की लोहाचं ऑक्सिडीकरण होतं आणि टॅनिनबरोबर त्याचा न विरघळणारा काळा क्षार कागदाच्या तंतूंतच तयार होतो. आज लिहिलेली निळसर ओळ दोन-तीन दिवसांनी करडी-काळी दिसते ती यामुळे. पाणी सांडलं तर निळा डाय वाहून जातो, काळी रेघ जागेवर राहते.

लिहायला मात्र पेलिकन कोरडी. मुळातच कमी शाई सोडणाऱ्या पेनात ती अडते, निब कागदावर घासल्यासारखी वाटते. सढळ हाताने शाई सोडणाऱ्या पेनात हीच शाई छान बसते, आणि साध्या रजिस्टरच्या कागदावरही फारशी फुटत नाही. पायलट याच्या उलट. प्रवाह मोकळा, निब सरकते, पण स्वस्त कागदावर रेघ जाड होते आणि पानामागे उमटते. फाइन किंवा एक्स्ट्रा फाइन निब घेतली तर हा त्रास बराच कमी होतो. डायची असूनही पायलट पाण्याला चांगली टिकते: थोडा निळा रंग सुटतो, पण अक्षर वाचता येतं. क्विंक तिघींत सर्वांत बिनत्रासाची. पेन सहज धुऊन निघतं, आठवडाभर पडून राहिलं तरी पटकन सुरू होतं. पण काळाबरोबर तिच्यातला निळा उतरतो आणि अक्षर हिरवट-करडं होत जातं. रोजच्या टिपणांना उत्तम, इतिवृत्ताला नको.

तेव्हा निर्णय असा. पेन रोज चालणार असेल आणि महिन्याला एकदा धुवायची तयारी असेल तर पेलिकन. सभा महिन्यातून एकदा आणि पेन मधले दिवस खणात, असं असेल तर सरळ पायलट. प्लॅटिनम ब्लू-ब्लॅक आणि रोअरर अँड क्लिंगनरची सॅलिक्स याही आयर्न गॉलच. सॅलिक्स त्यातल्या त्यात वागायला गुणी. डायमिनची रजिस्ट्रार्स इंक बरीच तीव्र आहे, सोसायटीच्या वहीला तिची गरज नाही. एक सावधगिरी: लॅमीची बाटलीतली ब्लू-ब्लॅक पूर्वी आयर्न गॉल होती, आता डायची आहे. जुन्या माहितीवर विसंबून विकत घेऊ नका.

घरच्या घरी खात्री करता येते. टिश्यू पेपरची पट्टी घ्या, खालच्या टोकापासून दोन सें.मी. वर शाईचा ठिपका द्या, तो दिवसभर वाळू द्या आणि पट्टीचं टोक पाण्याला टेकवा. ठिपका पाण्याबाहेर राहायला हवा. डायची शाई पाण्याबरोबर वर चढून रंगांचे पट्टे करते. आयर्न गॉलचा निळा वर जातो, पण मूळ जागी करडा-काळा डाग घट्ट राहतो. उन्हाची परीक्षाही करा: ज्या वहीत लिहायचं त्याच कागदावर ओळी लिहा, अर्धा भाग पुठ्ठ्याने झाका आणि कागद दक्षिणेच्या खिडकीत महिनाभर चिकटवून ठेवा. फरक तुम्हालाच दिसेल.

आणि आयर्न गॉलवर लगेच टिपकागद दाबू नका. क्षार तयार व्हायच्या आत शाई उचलली जाते आणि ओळ कायमची फिकी राहते. पावसाळ्यात कागद दमट असतो, तेव्हा पान उलटण्याआधी अर्धा-एक मिनिट थांबायची सवय ठेवा.

प्र. आयर्न गॉल शाई भरल्यापासून स्टीलच्या निबचं पेन अडखळतं. अमोनियाच्या पाण्याने धुतलं, तर आणखीच बिघडलं. निब गंजली का? (एक वाचक, चिपळूण)

उ. बहुतेक निब गंजलेली नाही, फीड, म्हणजे निबखालचा तिला शाई पोचवणारा भाग, तुंबलं आहे. डायच्या शाईला अमोनिया चालतो. आयर्न गॉलला नाही. शाई आम्लधर्मी, अमोनिया अल्कधर्मी. दोघं भेटले की विरघळलेलं लोह गाळ होऊन फीडच्या बारीक खाचांत बसतं. साबणाच्या पाण्यानेही तोच धोका.

आधी नुसतं साधं पाणी, स्वच्छ येईपर्यंत. बोअरचं जड पाणी नको, आरओचं घ्या. मग एक भाग पांढरं व्हिनेगर आणि नऊ भाग पाणी हे मिश्रण कन्व्हर्टरने (पेनात बसणाऱ्या शाई ओढायच्या नळीने) ओढून अर्धा तास ठेवा. रात्रभर ठेवू नका, आणि सोनेरी मुलाम्याची क्लिप किंवा कडं त्यात बुडवू नका. नंतर पुन्हा पाच-सहा वेळा साधं पाणी. एवढं झाल्यावरही रंग सुटत असेल तरच, आणि तेव्हाच, कपभर पाण्यात भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब घालून धुवा व परत विसळा. शेवटी निब खाली करून टिश्यूवर रात्रभर उभं ठेवा.

निब काढता येत असेल तर भिंगाखाली पाहा. चिरेच्या कडेला आणि फीडला टेकणाऱ्या पोटाकडच्या बाजूला बघायचं. नखाने निघते ती साठलेली शाई. नख अडकेल असे काळे खळगे असतील तर ती गंज, आणि निब बदलावीच लागेल. सोन्याच्या निबला हा प्रश्न नाही. यापुढे दर तीन-चार आठवड्यांनी पेन धुवा आणि आठवडाभर वापर नसेल तर रिकामं करून ठेवा.

प्र. ड्रॉपरने शाई भरायच्या एबोनाइटच्या पेनात कोणती ब्लू-ब्लॅक बरी? शाई संपत आली की थेंब पडतात. (एक वाचक, बेळगाव)

उ. थेंब पडतात ते हवेमुळे. शाई पाव भागावर आली की नळीत हवा जास्त राहते, हाताच्या उबेने ती फुगते आणि शाईला बाहेर ढकलते. तेव्हा पाव भाग उरला की भरून घ्या, आटे सिलिकॉन ग्रीसने हलकेच माखा. शाई डायची घ्या. अशा पेनात दोन-तीन मिली शाई आठवडेच्या आठवडे पडून असते. आयर्न गॉल तिथे गाळ धरते.

प्र. कॅमलची रॉयल ब्लू आणि काळी मिसळून ब्लू-ब्लॅक करता येईल का? (एक विद्यार्थिनी, नांदेड)

उ. येईल. कॅमलच्या दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये मुंबईत शाईची पूड आणि वड्या करून धंद्याची सुरुवात केली, त्या काळी घरोघरी पूड पाण्यात कालवून शाई व्हायचीच. एकाच कंपनीच्या दोन डायच्या शाया घ्या. सुईविना सिरिंजने पाच मिली निळी मोजा, त्यात एक मिली काळी. काळी नेहमी थेंबाथेंबाने घालायची, कारण ती पटकन चढते आणि मागे फिरता येत नाही. झाकणाच्या काचेच्या कुपीत दोन दिवस ठेवा. तळाशी गाळ, तवंग किंवा तार धरलेली दिसली तर फेकून द्या. मिश्रण मूळ बाटलीत परत ओतू नका. हे सगळं डायपुरतं. आयर्न गॉलमध्ये दुसरी कुठलीही शाई घालायची नाही. आणि ड्रॉइंगची वॉटरप्रूफ काळी शाई तर पेनात कधीच नको, तिच्यातलं बंधक वाळलं की फीड कायमचं बंद.

प्र. पांढऱ्या शर्टाच्या खिशाला ब्लू-ब्लॅकचा डाग पडलाय. (एक वाचक, ठाणे)

उ. कुठली शाई, त्यावर सगळं अवलंबून. डायची असेल तर गार पाणी आणि साबण, पुन्हा पुन्हा. आयर्न गॉल असेल तर ब्लीच अजिबात लावू नका: निळा क्षणात जातो आणि लोहाचा तांबूस-पिवळा डाग राहतो, जो मूळ डागापेक्षा चिवट. गार पाण्याने धुऊन लिंबाचा रस आणि मीठ चोळा, तासभर ठेवा, धुवा. एका फेरीत जाणार नाही, दोन-तीन लागतील. रंगीत शर्ट असेल तर आधी आतल्या शिवणीवर करून बघा.